बिरदेवच्या चौदा पट्ट्या

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

आज आणखी एक. "आवं, प्याला न्हाई, चुकून लागलं!" — सगळ्यांनाच चुकून लागतं! सतरा वर्षं ह्या हॉस्पिटलात ईसीजी काढतेय. शेतीचं औषध अंगात गेलेले किती आले, मोजायचं सोडून दिलं. त्यांतला एकही प्यालेला नव्हता म्हणे. सगळे बिचारे वाऱ्याच्या समोर उभे राहून फवारत होते!

हा मेंढरं धूत होता. बिरदेव, वय बत्तीस, जत तालुक्याच्या पार कर्नाटकाकडच्या टोकाचा. घरी चाळीस मेंढरं आणि पाऊस पडला तर ज्वारी. गोचीड मारायचं औषध पाण्यात कालवून, खड्ड्यात ताडपत्री घालून, त्यात कमरेइतका उभा राहिला आणि एकेक मेंढरू बुचकळून काढलं. बरोबर आई धोंडुबाई आणि बायको सोनिया. पोलीस केसचा कागद भरताना डॉ. ऋषिराजने विचारलं, किती प्याला? सोनिया म्हणाली, "प्याला न्हाई ओ. चाळीस मेंढरं काढली. आंग वलं हुतं, वारं सुटलं, म्हून घोंगडी पांघरली. घटकाभरानं वकायला लागला." वारं सुटलं, घोंगडी पांघरली! खोटं बोलणाऱ्याला बारीकसारीक लय सुचतं.

औषध आणलं ते पाण्याच्या बाटलीत. लेबल नाही. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून ओतून दिलेलं. नाव काय? "गोचडीचं." बस्स, एवढंच शिक्षण.

तोंडाला फेस, नाडी अठ्ठेचाळीस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऋषिराजने ॲट्रोपिन लगेच सुरू केलं. पोराचा हात चालतो, तेवढं मान्य. बनुबाई मावशींनी कपडे काढून पिवळ्या पिशवीत भरले, साबण लावून दोनदा आंघोळ घातली, डोक्याचे केस कातरले. धोंडुबाई दाराशी, घोंगडी खांद्यावर, डोळ्यांना धार. मला "सिस्टर, सिस्टर" करत होती. मी सिस्टर नाही. पण कुणाला सांगत बसायचं!

मशीनने पट्टीवर छापलं — क्यूटी ४३५, नॉर्मल. ऋषिराजने ते तसंच केसपेपरवर उतरवलं. मी राजनंदिनीच्या दहावीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर लावला, नाडीचा वेग धरून गणित केलं. ४७०. लांबलाय. लेकीच्या कंपासपेटीला कळतं ते लाखाच्या मशीनला आणि एमबीबीएसला कळत नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

पट्टी घाण आली. रेघ कसली, करवतीचे दाते! त्याचे स्नायू अंगभर फडफडतायत, वर आयसीयूतला एसी. निम्मी थरथर विषाची, निम्मी थंडीची. माझ्या हातची अशी पट्टी कुणाच्या फायलीला लागलेली मला चालत नाही. हॉस्पिटलचं ब्लँकेट मागवलं तर ते धुवायला गेलेलं. ते नेहमी धुवायलाच गेलेलं असतं. मग धोंडुबाईच्या खांद्यावरची घोंगडी घेतली आणि त्याच्यावर टाकली. दहा मिनिटांत रेघ सरळ. छापल्यासारखी स्वच्छ पट्टी!

समीक्षा सिस्टर धावत आली. "मॅडम, घरचं कापड आयसीयूत चालत नाही. नियम आहे." मी म्हणाले, "कारण सांगा, लगेच काढते." कारण माहीत नाही. नियम तेवढा पाठ! मी ऋषिराजकडून लिहून घेतलं, घोंगडी राहू द्यावी. ती तोंड पाडून गेली. एवढ्याशा विजयाचा एवढा आनंद व्हायला नको होता मला. झाला.

घोंगडीला मेंढरांचा, धुराचा आणि औषधाचा वास. औषधाचा तर त्याच्या श्वासालाही आहे.

क्यूटी ४९०. कोपऱ्यात सवयीप्रमाणे लिहिलं: सकाळी ९.१०, पांघरूण घालून. पट्टी कशी काढली ते मी प्रत्येक पट्टीवर लिहिते. ह्या इमारतीत असं करणारी मी एकटीच.

धोंडुबाईने विचारलं, काय लांबलंय म्हणतायसा? सांगितलं, क्यूटी. ठोका पडला की हृदयाला दम खायला वेळ लागतो, तो वेळ लांबलाय. फार लांबला तर दम खाऊन व्हायच्या आत मधेच दुसरा ठोका घुसतो आणि सगळा घोटाळा होतो, माणूस जागच्या जागी जातो. ती म्हणाली, "म्हंजी पडल्यालं मेंढरू उठायच्या आत दुसरं त्येच्यावर चढल्यावानी. मंग सगळा कळपच घसरतोय." ऋषिराजला हे इतकं नीट सांगता येणार नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

५१०. पांघरूण घालून.

मोठे डॉक्टर राउंडला आले. घड्याळ लावून पाहिलं — पलंगाशी अकरा सेकंद. मी म्हणाले, "सर, क्यूटी रोज वाढतोय." "कुणी मोजला?" "मी." "बरं." बरं म्हणजे काय? लगेच ऋषिराज पुढे. "सर, विष चरबीत साठतं, तिथून हळूहळू रक्तात येत राहतं." जिथे काही कळत नाही तिथे चरबी! त्या माणसाच्या अंगावर चिमूटभर चरबी नाही. बरगड्या मोजून मी तारा चिकटवते, हाताला कष्ट नाहीत.

घरी येताना मार्केट यार्डावरून आले. हळदीची पोती उतरत होती, स्कूटरची सीट पिवळी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

५२०. आता मधूनमधून चुकार ठोकेही पडतायत.

उद्या चंपाषष्ठी. धोंडुबाई सकाळपासून घोटाळत होती. शेवटी म्हणाली, "आवं बाई, घोंगडी न्यावी लागतीया. देवापुढं हीच हातरायची असती. हिच्यावर भंडाऱ्याचं ताट. ह्येच्या बापाची हाय, त्येच्या बी बापानं वापरल्याली." सोनियालाही जायचं, कारण नैवेद्य सुनेच्या हातचा. नवऱ्याचं हृदय कधी फिरेल सांगता येत नाही आणि ह्यांना एसटी गाठायची घाई! मी म्हणाले, "देव इथे येत नाही का?"

"यील की. पर बसायला काय घालू? तुमची ती प्लास्टिकची खुर्ची?"

शेजारच्या पलंगावरचा ऑक्सिजन लावलेला म्हातारा हसला. मी नाही हसले. आता लिहिताना हसले.

जागेवर एक चुलता बसवून दोघी गेल्या.

शनिवार, ७ डिसेंबर

४९५. उतरला!

घोंगडी नाही, पण आज थरथर बेताची. पट्टी बरी आली. चुलता बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला. विचारलं, पेशंटने सकाळी काही मागितलं का? "मला काय म्हाईत? मी हितं, त्यो तितं." काय जबाबदार माणूस बसवलाय!

रविवार, ८ डिसेंबर

सुट्टी असून गेले. दुसऱ्याच्या हातची पट्टी मधेच आली की ओळ तुटते. ४६५.

बिरदेव पहिल्यांदा नीट बोलला. पहिला प्रश्न — "मेंढरं कशी हायती?" बायको नाही, आई नाही, मेंढरं! चुलता म्हणाला, "झ्याक हायती. एक बी गोचीड ऱ्हायली न्हाई. तूच तेवढा आडवा पडलायस." त्यावर दोघं हसले. विष पिऊन आलेला माणूस असा हसतो का? हसत असेल. मला काय ठाऊक.

सोमवार, ९ डिसेंबर

४५०. वॉर्डात हलवायचं म्हणतायत.

मी ऋषिराजला म्हणाले, आणखी थोडे दिवस मॉनिटरवर ठेवा. ह्या विषात हृदयाचा घोटाळा माणूस बरा दिसायला लागल्यावरही होतो. "मॅडम, पुस्तकात —" पुस्तक मला सांगतो! हेच विष अंगात गेलेल्या माझ्या दादाला साताऱ्याच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी सोडलं. सहाव्या दिवशी कोरेगावच्या घरी पायरीवर बसून चहा पीत होता. कप हातातून सुटला. एवढंच. तोपर्यंत त्याची पट्टी कुणी डिव्हायडर लावून मोजली नव्हती. मी बीएस्सीचा कागद कपाटात टाकला आणि हे शिकले. दादाचं ऋषिराजला सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, माझ्यासाठी ठेवा. ठेवला.

दुपारी दोघी परत आल्या. घोंगडी भंडाऱ्याने पिवळी. धोंडुबाई पायाशी उभी राहून म्हणाली, "देवानं राखला बगा!" देवाने! ॲट्रोपिन कुणी दिलं? सात दिवस पट्ट्या कुणी काढल्या? समीक्षा सिस्टर पुन्हा नियम घेऊन हजर — आता तर हळदही सांडतेय. मी म्हणाले, ऋषिराजची सही अजून फायलीला आहे, वाचून घ्या. घोंगडी अंगावर घातली. एसीची थंडी आहेच, उद्याची पट्टी मला स्वच्छ हवी.

मंगळवार, १० डिसेंबर

४८०. पांघरूण घालून.

का?

बुधवार, ११ डिसेंबर

५१५!

आठवडाभराच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. वर तारीख, खाली आकडा. तिसऱ्या ओळीत लिहिलं — जवळ कोण. चार, पाच, सहा तारीख: सोनिया. वाढ. सात, आठ, नऊची सकाळ: चुलता. उतार. दहा, अकरा: सोनिया. पुन्हा वाढ. माझा मलाच विश्वास बसेना, म्हणून दोनदा तपासलं. जुळतंय.

ती शीतपेयाच्या जुन्या बाटलीतून आंबील आणते. चमच्याने भरवते. कालच मी विचारलं होतं, आत काय? "आंबील हाय, मॅडम. ज्वारीची, ताक घालून. दिऊ का जरा?" वर हसली. नवरा असा पडलेला असताना हसू येतं?

म्हणजे पहिलं "मेंढरं धूत होता" हेही हिचंच. तो बेशुद्ध होता, त्याच्या नावावर हिने सांगितलं. आणि तो शुद्धीवर आल्यावर बायकोपुढे काय वेगळं बोलणार?

तक्ता ऋषिराजला दिला. त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. "मॅडम, हे लय भारी आहे." भारी म्हणे! क्रिकेट आहे का? पण खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा ह्या लोकांनी माझा कागद दोन्ही हातांनी धरला.

विषाने रक्तातलं जे एंझाइम खाली जातं, त्याची तपासणी त्याने पुन्हा पाठवलीय.

गुरुवार, १२ डिसेंबर

५२०. पांघरूण घालून. मग सकाळी साडेअकरा. मी शेजारच्या पलंगावर तारा लावत होते. मॉनिटर ओरडला. बिरदेवची रेघ दोर पिळावा तशी पिळत चाललेली — एकदा जाड, एकदा बारीक. सतरा वर्षांत दोनदाच पाहिलीय. ऋषिराजने शॉक दिला. नाही. दुसरा. मॅग्नेशियम. तिसऱ्याला रेघ परत आली. व्हेंटिलेटर लावला. सगळं मिळून चार मिनिटं. ऋषिराजचा शर्ट पाठीला चिकटलेला. आज त्याच्याविषयी वाईट लिहिणार नाही.

दुपारी रिपोर्ट आला. एंझाइम सोमवारी चढलं होतं, ते आज सोमवारच्या निम्म्यावर. म्हणजे नवं विष अंगात जातंय, ह्यात शंकाच नाही. मोठे डॉक्टर ह्या वेळी अकरा सेकंदांहून जास्त थांबले. माझा तक्ता मागून घेतला आणि हॉस्पिटलच्या पोलीस चौकीतल्या हवालदाराच्या हातात दिला.

हवालदार सोनियाला आमच्या ईसीजीच्या खोलीच्या दारातच विचारत होता. केसांना तेल चोपडलेलं, आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"काय गं, काय पाजलंस नवऱ्याला?"

"आंबील."

"आंबिलीत काय?"

"ज्वारी. ताक. मीठ."

"आन् वरनं?"

तेवढ्यात धोंडुबाई मधे पडली. "माझी सून न्हाई तसली! तीच आंबील मी बी पितीया रोज. मला काय झालंय?" आणि डोळ्यांतून धारा. हवालदार म्हणाला, "आजी, रडू नका." ती उसळली. "रडतंय कोन! डोळ्यांतनं नुसतं पानी येतंय!" सुनेसाठी सासूने एवढं नाटक करायचं, म्हणजे दोघी मिळून असणार.

बाटली पोलिसांनी नेली. सोनियाला आयसीयूत यायची बंदी. ती खाली जिन्याजवळच्या बाकावर बसलीय. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. तक्ता कुणाचा हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मग माझ्याकडेच का पाहिलं?

शुक्रवार, १३ डिसेंबर

५३०. पांघरूण घालून.

सोनिया कालपासून आत नाही. आंबील बंद. नळीतून हॉस्पिटलचं खाणं. आणि ५३०.

मी स्वतःला सांगितलं, आधी गेलेल्या विषाचा असर आहे, उतरायला वेळ लागेल. मग सात तारखेला एका दिवसात कसा उतरला होता? शॉक दिल्यामुळे वाढला असेल. असेल. मॅग्नेशियम दिलंय, त्याने तर कमी व्हायला हवा. जिथे काही कळत नाही तिथे — ऋषिराजला हसले होते, आता मीच चरबी शोधतेय!

म्हणजे तिसऱ्या ओळीत काही चुकलं? तारखा बरोबर. आकडे बरोबर. कोण जवळ होतं तेही बरोबर.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी कधीच लिहिली नाही. दादाच्या वेळी साताऱ्याच्या डॉक्टरने विचारलं होतं, किती प्याला? आईवडील शेजारीच उभे होते. मीच म्हणाले — प्याला नाही, फवारताना लागलं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. फार नीट खोटं बोलले, वाऱ्याची दिशासुद्धा सांगितली. त्या डॉक्टरने माझ्याकडे जसं पाहिलं होतं तसंच मी आज सतरा वर्षं प्रत्येक नातेवाइकाकडे पाहतेय. मी खोटं बोलले होते, एवढ्यावरून सगळं जग बोलतं?

बोलतंच. मला माहीत आहे. पण सगळं?

घरी येताना जिन्याजवळ सोनिया होती. गुडघ्यात डोकं. मी दुसऱ्या दाराने गेले.

शनिवार, १४ डिसेंबर

५३५. पांघरूण घालून. छातीपासून खाली, वरच्या नळ्यांना लागायला नको म्हणून.

धोंडुबाई सकाळपासून दोनदा ओकली. समीक्षा सिस्टर म्हणाली, "उपाशी राहते, मॅडम, पित्त आहे." ती दिवसभर मुलाच्या पायाशी, घोंगडीचं टोक मुठीत धरून बसते. मला म्हणाली, "सुनंला आत सोडा की. तिनं काय केलं न्हाई." मी म्हणाले, ते माझ्या हातात नाही. हे तर धडधडीत खोटं.

रविवार, १५ डिसेंबर

५४०. आजही जाऊन पट्टी काढून आले. पांघरूण घालून. परत आले तर जोतीराम जेवायचे थांबलेले. शिरवळच्या कारखान्यात फाटकावर असतात, आठवड्यातून एक दिवस घरी, आणि तो दिवसही मी तिकडे. बायकोची वाट पाहिली ह्याचा त्यांना फार अभिमान. जेवताना विचारलं, एवढं काय आहे त्या पेशंटचं? सांगितलं. सगळं, तक्त्यासकट.

म्हणाले, "ही तुझी औषधं आन् लढाईतला विषारी गॅस, एकाच घराण्यातली. आमची ड्रिल असायची त्याची. सांग, पयलं काय करायचं?"

"इंजेक्शन."

"न्हाई. पयलं कपडे. अंगावरचं सगळं. पट्टा, बूट, घड्याळ. आन् ज्यानं उचलून आणला त्याचे बी. न्हाईतर इंजेक्शन देत ऱ्हावा, तो आतनं भिजतच ऱ्हातोय."

"कपडे तीन तारखेलाच पिशवीत गेले."

"सगळे?"

"सगळे. माझ्यासमोर."

"सगळे म्हंजी सगळे?"

"सांगितलं ना!"

"मग झालं. वाढ जरा आमटी."

दिवसभर गाड्यांचे नंबर उतरवणाऱ्याने मला आयसीयू शिकवावं! — हे लिहिलं आणि लाज वाटली. पंधरा वर्षं सरहद्दीवर होते. मी त्यांना एकदाही विचारलं नाही तिथे काय काय शिकवलं.

सगळे म्हणजे सगळे. पिशवीत काय काय गेलं? शर्ट. धोतर. बंडी. कमरेचा करदोडासुद्धा बनुबाईंनी कापला. चपला. टोपी.

टोपी.

सोमवार, १६ डिसेंबर

सकाळी सहाला पोचले. पट्ट्या पुन्हा मांडल्या. तिसऱ्या ओळीत माणसं लिहिली नाहीत. कोपऱ्यात माझं जे लिहिलेलं होतं तेच उतरवलं. पांघरूण घालून — वाढ. पांघरूण नाही — उतार. पहिली सोडली तर बाराच्या बारा. त्या दिवशी घोंगडी कपड्यांत मोजली गेली नाही, कारण ती धोंडुबाईंच्या खांद्यावर होती. दुसऱ्या दिवशी मी ती तिथून उचलली.

हातमोजे घालून मीच ओढून काढली, पिशवीत टाकली. बिरदेवला पुन्हा आंघोळ. ऋषिराजने धोंडुबाईंच्या डोळ्यांत टॉर्च मारला — टाचणीचं टोक. त्या रडत नव्हत्या. एक दिवसही. त्यांनाही भरती केलंय.

आजची पट्टी, चौदावी: करवतीचे दाते. तशीच फायलीला लावली.

तक्ता चुकला, घोंगडी मी घातली, असं लिहून सही करून मोठ्या डॉक्टरांना आणि चौकीत दिलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बरं."

मग जिन्याखाली गेले. सोनियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी पयल्या दिशीच सांगितलं हुतं की."

घरी येऊन मागची पानं उलटली. सांगितलं होतं. वारं सुटलं, घोंगडी पांघरली. माझ्याच अक्षरात. पुढे उद्गारचिन्ह.